काकूंच्या स्क्रीनवरची जाड पट्टी

काकूंनी मला एकच गोष्ट करू नकोस म्हणून बजावलं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरची धूळ वरून पुसायची, आत हात घालायचा नाही. मला वाटलं, मला त्रास नको म्हणून त्या तसं म्हणतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात पाहुणा 'पुरे, पुरे' म्हणतो तेव्हा त्याच्या ताटात आणखी एक डाव भात वाढायचा असतो. तसंच समजून मी त्यांच्या मशीनमध्ये हात घातला, आणि चार दिवसांत त्यांची खुर्ची जायची पाळी आणली.

आमचं दुकान पुण्यात, विश्रांतवाडीला. पुढच्या भागात ऑनलाइन अर्ज भरायचा काउंटर, म्हणजे दाखले, शिष्यवृत्ती, परीक्षांचे फॉर्म. मधे एक पडदा, आणि पडद्यामागे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायची जागा. पुढे काकू बसायच्या, मागे मी. दोन्हीकडे लक्ष ठेवायला दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो.

मी नववीत शाळा सोडली. बाबा राइस मिलमध्ये कामाला होते, तिथल्या जिन्यावरून पडले, आणि त्यांच्या जागी मी उभा राहिलो. पुण्यात आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. एका सिक्युरिटीवाल्याने सांगितलं की गार्डच्या नोकरीचा अर्ज ऑनलाइन भरून आण, दहावी पास पाहिजे. मी काकूंच्या काउंटरवर गेलो आणि छाती पुढे काढून दहावी पास म्हणून सांगितलं. त्या माझ्या डोळ्यांत न बघता कानाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बैठक क्रमांक सांगा."

मी खिसे चाचपायला लागलो.

"नापास नाही झालात. सोडलीत. नापास झालेल्यांना नंबर पाठ असतो."

मी उठायला लागलो. तर त्या पडद्याकडे मान न वळवता ओरडल्या, "सर, तुम्हाला धूळ काढायला माणूस हवा होता ना? हा बघा, खोटं बोलता येत नाही त्याला. कामाचा आहे."

त्या दिवसापासून मी तिथे आहे. धूळ काढता काढता मशीन उघडायला शिकलो, मग बंद पडलेली चालू करायला, मग त्यांत नवी सिस्टीम टाकायला. सगळं बघून बघून शिकलो. कारण इंग्रजीची अक्षरं मला ओळखता येतात, पण शब्द लांबला की तो शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात माझ्या हातून सुटते. मी बटणं वाचत नाही, त्यांच्या जागा लक्षात ठेवतो. हे सरांना ठाऊक नव्हतं. काकूंना पहिल्या महिन्यातच कळलं. आणि त्यांचं जे होतं ते त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं, भाजी वाढता वाढता, जसं काही भाजीबद्दलच बोलताहेत.

त्यांच्या नजरेचा मधला भाग चालला होता. समोर बघितलं की मधोमध करडा डाग. कडेचं मात्र दिसायचं. म्हणून माणसाचा चेहरा बघायचा तर त्या कानाकडे बघायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई शिष्ट आहेत. काउंटरवर त्यांनी एक पाटी लावून घेतली होती: 'आपला अर्ज आपण मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पाठवला जाणार नाही. घाई असल्यास दुसरीकडे जावे.' लोक पाटीचा फोटो काढून न्यायचे, हसायचे, पुण्याचा नमुना म्हणून एकमेकांना पाठवायचे. मग निमूटपणे अर्ज वाचायचे, आणि चूक असेल तर त्यांची त्यांनाच सापडायची. काकूंच्या हातून गेलेला अर्ज कधी परत आला नाही. ती पाटी कशासाठी आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

काकू खडकीहून बसने यायच्या. यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, ते गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, आता बाजाराजवळ एक खोली. मूलबाळ नाही. "घरी बसले तर भिंतीकडेच बघायचंय," त्या म्हणायच्या, "आणि भिंतही मधोमध दिसत नाही."

त्यांच्या कॉम्प्युटरवर काळ्यावर पिवळं दिसायचं. माझ्या आधी तिथे जो कारागीर होता त्याने, उजेड टोचतो एवढंच काकूंनी सांगितल्यावर, सिस्टीमलाच तसं रूप दिलं होतं. काळी जमीन, पिवळी अक्षरं, प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर अंगठ्याएवढी जाड पट्टी आणि पट्टीच्या उजव्या टोकाला मोठी फुली. फाइलींची खिडकी तशी, प्रिंटरची तशी, हिशेबाच्या यंत्राची तशी आणि इंटरनेट बघायचा ब्राउझरही तसाच. शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे सगळे एका गणवेशात.

आमच्या दुकानात खंडेनवमीला मशीनची पूजा होते. कोणी कोयता पुजतं, कोणी गाडी, आम्ही स्क्रू-ड्रायव्हर, ब्लोअर आणि कॉम्प्युटर पुजतो. आदल्या दिवसापासून सगळं पुसून लख्ख करायचं आणि मॉनिटरवर झेंडूची माळ टाकायची. त्या वर्षी काकूंचे नवरात्राचे उपास, म्हणून नवमीला त्या आल्या नव्हत्या. त्यांचं मशीन घरघर करत होतं. अर्जाची साइट उघडताच लाल पट्टी यायची की तुमचा ब्राउझर जुना झालाय, लवकरच चालणार नाही. एवढं मला माझ्या फोनने मराठी करून सांगितलं होतं.

मनात आलं, या बाईने मला पुण्यात उभं केलं. आपल्याकडे द्यायला दुसरं काय आहे? दुपारभर बसून त्यांच्या मशीनला मी नवी डिस्क टाकली, नवी सिस्टीम टाकली, नवा ब्राउझर टाकला. सिस्टीमला काळं-पिवळं रूप मी आठवणीने परत दिलं, पट्टी जाड केली, फुली मोठी केली. ब्राउझर मात्र पांढराफेक राहिला. बारीक राखाडी रेषा, डोक्यावर पट्टीच नाही, पानांच्या चिठ्ठ्या, म्हणजे टॅब, थेट छताला टेकलेल्या. तो स्वतःचेच कपडे घालून आला होता. जुना ब्राउझर सिस्टीम सांगेल ते घालायचा, हा ऐकत नव्हता.

ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि मला बरं वाटलं. आमच्या घरी माय तांदूळ निवडायला दारात बसते, उजेडात. उजेड जास्त तर दिसतं जास्त, एवढंच माझं शहाणपण. मी त्या पांढऱ्या स्क्रीनला माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

दसऱ्याला दुकान बंद होतं. शुक्रवारी सकाळी काकू आल्या, पिशवी खिळ्याला अडकवली, खुर्चीत बसल्या, ब्राउझर उघडला आणि तळहात डोळ्यांवर धरला.

"हे काय केलंस रे?"

"काकू, दसऱ्याचं."

त्यांनी बोटांच्या फटीतून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "बर्फात सोडल्यासारखं वाटतंय. असो. जुनं परत येईल?"

जुना ब्राउझर मी पंधरा मिनिटांत परत टाकला. पण साइटवाल्यांनीही दसऱ्याचाच मुहूर्त साधला होता, लाल पट्टीच्या जागी आता नुसतं बंद दार. जुन्यावर अर्जाचं पान उघडेना. बाहेर शिष्यवृत्तीच्या मुलांची रांग लागलेली. नव्यावरच काम करणं भाग होतं.

तिसरा अर्ज एका मुलीचा होता, आईबरोबर आलेली. पाऊण तास भरलेला, कागद जोडलेले. काकूंना मधेच उघडलेलं एक जास्तीचं पान बंद करायचं होतं. त्यांचा हात सवयीने वर गेला, पट्टी लागली नाही म्हणून आणखी वर गेला, कोपऱ्यात फुली लागली आणि त्यांनी दाबली. ती अख्ख्या खिडकीची फुली होती. अर्ज गेला.

"अहो बाई, दिसत नाही का तुम्हाला?" मुलीची आई म्हणाली. ती रागात नुसतं बोलून गेली, तिला कुठे माहीत होतं. पण मी पडद्यामागे हातातला स्क्रू खाली टाकला.

सर आले. मुलीच्या आईची माफी मागितली, अर्ज स्वतः परत भरून दिला. मग मला बोलावलं. सर कधी ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं, असं वाटतं.

"हे नवीन आपण केलंत?"

"हो सर."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही सर."

"वा. म्हणजे समाजसेवा." मग काकूंकडे वळून, "काकू, गेले काही महिने मला वाटतंय, तुमचा वेग कमी झालाय. आता हे. सोमवारी मी स्वतः शेजारी बसतो. नाही जमलं तर माझी भाची आहे, बी.कॉम. झालेली, घरीच असते. राग मानू नका."

"राग कशाला," काकू सरांच्या कानाकडे बघत म्हणाल्या. "बसा की."

सर गेल्यावर मी काउंटरजवळ गेलो. काकू टेबलावरचे कागद सरळ करत होत्या. त्या म्हणाल्या, "जा, पुढच्याला बोलाव." दुसरं काही नाही. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी नेऊन जपून ठेवल्या असत्या.

शनिवारभर मी त्या ब्राउझरच्या मागे लागलो. सेटिंगमध्ये गडद रूप सापडलं, तर ते काळं नव्हतं, राखाडी होतं. राखेत राख. फोन स्क्रीनसमोर धरायचा, इंग्रजीचं मराठी करायचं, आणि त्या मराठीचंही डोकं-शेपूट लागायचं नाही. 'साधनपट्टी सानुकूलित करा' म्हणजे काय करायचं हे मी कोणाला विचारू? काकूंना विचारलं असतं तर त्यांना वाचता आलं असतं, पण दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. आणि समोर रांग.

दुपारी एक तयार रूप सापडलं, काळं-पिवळं. लावलं. चिठ्ठ्या काळ्या, अक्षरं पिवळी. मी काकूंना जवळजवळ ओढतच आणलं.

त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "छान. रिक्षा आली."

मला रडू येईल इतका आनंद झाला. अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा तीच फुली दाबली. या वेळी अर्ज कोरा होता, म्हणून वाचलो.

"रंग जमलाय रे," त्या म्हणाल्या, "पण घर आपलं नाही."

संध्याकाळी मायला फोन केला. म्हटलं, मी परत येतो.

"काहून? काढलं का तुले?"

"मले नाही काढलं. माझ्यापायी दुसऱ्याले काढतात."

"कोनाले?"

"काकूले."

मायला काकू ठाऊक होत्या. दर दिवाळीला ती माझ्याबरोबर त्यांच्यासाठी तांदूळ पाठवते. ती थांबली आणि म्हणाली, "मंग तू इकडं येऊन का करशील? तिले घेऊन येनार हायेस का? तिथं बस अन् नीट कर." आणि फोन ठेवला. माय कधी आधी फोन ठेवत नाही.

रविवारी दुकान बंद असतं. सकाळी सरांच्या घरी किल्ली मागायला गेलो. ते दारातच पेपर वाचत होते. "रविवारी काम? पगारवाढ मागणार का?" म्हणाले, आणि किल्ली दिली. तिथूनच काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "येते. इथे तरी काय बघतेय."

मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. आजवर मी त्यांच्या मशीनकडे माझ्या जागेवरून बघत आलो होतो. त्या दिवशी म्हटलं, "काकू, तुम्ही कसं करता ते मला दाखवा. जुन्यात कसं करायचात ते."

"कसं करते म्हणजे? मोजते."

त्यांनी माझा हात धरून माऊसवर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. "हे बघ. आधी माऊस उजव्या वरच्या कोपऱ्यात ढकलायचा. तिथे तो अडतो. पुढे जात नाही. हा माझा खांब. इथून एक बोट खाली आलं की पट्टी संपते. जाड असते म्हणून कडेच्या नजरेला लागते. पट्टीवरच फुली, ती खिडकीची. पट्टीच्या खाली चिठ्ठ्या, त्या पानांच्या. पट्टी ओलांडून खाली आलं की काही बिघडत नाही. प्रिंटरच्या खिडकीला असंच, फाइलींना असंच. सगळीकडे एकच घर, दार त्याच जागी. मी रंग बघून कुठे जाते? रंगाने नुसतं घर उठून दिसतं. जाते मी भिंतीला हात लावत."

मी काल दिवसभर भिंतीला रंग देत होतो, आणि भिंतच नव्हती.

"म्हणजे तुम्हाला ती पट्टी पाहिजे. सिस्टीमची."

"तेच तर म्हणतेय शुक्रवारपासून. म्हणजे म्हटलं नाही, पण म्हणत होते."

मग आम्ही दोघांनी मिळून शोधलं. मी स्क्रीनवरची अक्षरं एकेक करून मोठ्याने म्हणायचो आणि काकू त्यांचा शब्द करायच्या. आर, ई, एस, टी, ओ, आर, ई. "रिस्टोअर. नको, पुढे." डी, ई, एन, एस, आय, टी, वाय. "डेन्सिटी. ते काय असेल ते असो, पुढे." गिरणीत मी पोती मोजायचो तशी त्या दिवशी अक्षरं मोजली. दीड तासाने, ज्या पानावर मी शनिवारी तीनदा जाऊन आलो होतो त्याच पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एक लहानसा चौकोन होता.

"टी, आय, टी, एल, ई. मग जागा सोडून बी, ए, आर."

"टायटल बार," काकू म्हणाल्या. "अरे, हीच की पट्टी. टिचकी मार."

मी मारली. डोळ्यांसमोर चिठ्ठ्या खाली सरकल्या आणि वर सिस्टीमची काळी जाड पट्टी येऊन बसली, पिवळ्या फुलीसकट. फाइलींच्या खिडकीला होती तीच. काकूंनी माऊस कोपऱ्यात ढकलला, एक बोट खाली आणला, थांबवला.

"आली," म्हणाल्या. आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या, जो पुसून काही उपयोग नसतो.

एवढंच करायचं होतं. एक टिचकी. मी तिच्यावरून तीनदा गेलो होतो, आणि ज्याला वाचता येतं त्याला ती पहिल्यांदाच दिसली असती. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आणि मला दिसलं असतं तर मलाही दिसली असती. पुढचं बघ."

पुढचं म्हणजे आतली पानं. ती अजून पांढरी होती. ब्राउझरला सांगता येतं की साइटचे रंग सोड, सिस्टीमचे घाल. तेही असंच अक्षरं म्हणून म्हणून सापडलं. पानं काळी झाली, अक्षरं पिवळी. पण एक घोटाळा झाला. फोटो जोडायचं बटण त्या साइटवाल्यांनी रंगवलेल्या चित्राचं केलं होतं. रंग काढले तसं चित्रही गेलं. बटण जागेवर होतं, दाबलं तर चालत होतं, पण दिसत नव्हतं. मलाही नाही.

"कुठे आहे?"

"जन्मतारखेच्या ओळीखाली. दोन बोटं उजवीकडे."

"मग झालं. मला असंही कुठे दिसणार होतं?" आणि त्यांनी ते पंधरावीस वेळा करून हातात बसवलं.

सोमवारी सर खुर्ची घेऊन काकूंच्या शेजारी बसले. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. गावच्या देवाला मी फार काही मागत नाही, एवढ्या लांबून मागायची लाज वाटते. त्या दिवशी मागितलं.

पहिला अर्ज नीट गेला. दुसरा गेला. काकूंचा माऊस कोपऱ्याला टेकायचा, खाली यायचा, थांबायचा. मुलगा मोठ्याने वाचायचा, काकू "हं, पुढे" म्हणायच्या. सर घड्याळ बघायचे. तिसरा मुलगा वसतिगृहाच्या भत्त्याचा अर्ज घेऊन आला. त्या अर्जात जन्मतारखेखाली एक ओळ जास्त होती, वसतिगृहाच्या पत्त्याची. ते ना काकूंना माहीत होतं, ना मला. फोटोची वेळ आली. काकूंचा हात दोन बोटं उजवीकडे गेला, टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. पुन्हा काही नाही. त्यांनी हात उचलला आणि हवेत धरला.

फटीतून मला ओळी दिसत होत्या. बटण आता एक ओळ खाली होतं. मला काही सुचेना. मी पडदा सारला आणि म्हणालो, "काकू, चहा उजवीकडे ठेवलाय. एक ओळ खाली."

काकूंचा हात एक ओळ खाली उतरला. टिचकी. फोटोची खिडकी उघडली.

सरांनी टेबलाकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. माझे दोन्ही हात रिकामे होते.

"चहा कुठाय?"

मी हात पाठीमागे घेतले.

"आणि चहाला ओळ असते, हे मला नवीन आहे."

सरांनी खुर्ची पुढे घेतली, वाकले आणि पहिल्यांदाच स्क्रीनकडे न बघता काकूंच्या डोळ्यांकडे बघितलं. काकू स्क्रीनच्या शेजारच्या भिंतीकडे बघत होत्या. तसंच बघितलं की त्यांना स्क्रीन दिसतो.

"किती दिवस झाले काकू?"

"उजव्याला तीन वर्षं. डाव्याला दीड."

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

सर खुर्चीत मागे टेकले. खोटं बोलायचं असतं तर ते बोलले असते.

"मला अगदीच दिसत नाही असं नाही," काकू म्हणाल्या. "समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं. मगाशी तुम्ही तीनदा घड्याळ बघितलंत. आणि डाव्या बाहीचं बटण तुटलंय, घरी सांगा."

सरांनी बाही बघितली. बटण तुटलं होतं. बाकावरचा एक मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला.

मला वाटलं, आता संपलं. आणि ते एकट्या काकूंचं संपू नये असंही वाटलं. मी म्हणालो, "सर, मलाही इंग्रजी वाचता येत नाही. जागा पाठ करून काम करतो. ही चूक त्याच्यामुळे झाली. काकूंची यात काही नाही."

सरांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघितलं. "छान," म्हणाले. "एकाला दिसत नाही, एकाला वाचता येत नाही. आणि दारावर मी बोर्ड लावलाय, अचूक अर्ज भरून मिळतील."

"अचूक जातात," काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, एक तरी परत आलाय?"

काउंटरपलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, माझा अर्ज गेला का?"

"अजून वाचायचाय," काकू म्हणाल्या. "पाटी बघ. वाच पहिल्यापासून, मोठ्याने."

तो वाचायला लागला. सर उठले. पडद्याजवळ माझ्यापाशी थांबून म्हणाले, "ते स्टूल काकूंच्या शेजारी ठेवा. जे त्यांना दिसत नाही ते बघा, जे तुम्हाला वाचता येत नाही ते त्यांना विचारा. दिवाळीपर्यंत बघू." आणि थोडं पुढे जाऊन, "चहा खरोखर आणा आता."

ती दिवाळी गेली. आणखी एक गेली. सर काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. भाचीचं लग्न ठरून ती कात्रजला गेली, हे एवढं कानावर आलं. स्टूल तिथेच आहे. रांग नसते तेव्हा काकू मला बाहेरच्या दुकानांच्या पाट्या अक्षरं लावून वाचायला लावतात. अडलो की म्हणतात, "लांबलाय म्हणून घाबरू नकोस. कोपरा धर आणि खाली ये."

पण त्यांचा डाग पसरतोय. मागच्या महिन्यात त्यांनी पट्टी आणखी जाड करून मागितली, सहज सांगावं तसं. मी सिस्टीममध्ये ती दोन बोटांची केली. तीन बोटांचीही करता येते, त्यापुढे मी करून बघितलेलं नाही.

ब्राउझर अधूनमधून स्वतःला नवं करून घेतो. कधी कधी पट्टी टाकून देतो आणि पुन्हा आपले पांढरे कपडे चढवून बसतो. म्हणून मी रोज त्यांच्या बसच्या आधी दुकानात येतो. मशीन चालू करून आधी वर बघतो. गेल्या मंगळवारी पट्टी नव्हती. त्या पानाच्या तळाशी जाऊन टी, आय, टी, एल, ई मी एकटाच वाचून काढलं आणि टिचकी मारली. तेवढ्यात काकू आल्या, पिशवी अडकवली, बसल्या, माऊस कोपऱ्यात ढकलला.

"आहे," म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो काकू, आहे," आणि रांगेतल्या पहिल्याला आत बोलावलं.